पोटदुखीमागचा पूर : यवतमाळ जिल्ह्यातील नऊ वर्षांच्या मुलाचे एक प्रकरण

पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात गावात पोहोचतात ती जुलाबाची औषधे, ब्लीचिंग पावडर आणि सर्पदंशावरची इंजेक्शने, आणि ती पोहोचायलाच हवीत. मुलांच्या मनावर काय ओढवले याची विचारपूस मात्र झालीच तर महिन्या-दीड महिन्याने होते आणि तीही भलत्याच तक्रारीच्या निमित्ताने. पोट दुखते, डोके दुखते, अन्न जात नाही, सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओले होते. या तक्रारी घेऊन ग्रामीण विदर्भातील आईवडील मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाहीत. ते तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञाकडे येतात, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत हाच पहिला आणि शेवटचा तज्ज्ञ ठरतो. त्यामुळे आपत्तीनंतरचे मानसिक आरोग्य हा आपल्या ओपीडीतला विषय आहे, वरच्या रुग्णालयाकडे ढकलायचा नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पुढे मांडलेला मुलगा ही कोणी एक व्यक्ती नाही. पूरग्रस्त भागांतील मुलांमध्ये आढळणारी लक्षणे एकत्र करून, बालरोगतज्ज्ञांच्या चर्चेसाठी हे प्रकरण रचले आहे. प्रसंग रचलेला असला तरी त्यामागचे वास्तव खरे आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावे पाण्याखाली गेली. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली. या प्रत्येक ठिकाणी पाणी उतरल्यानंतर मुले शाळेत परतली, आणि त्यांच्यातली काही कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात पोट धरून बसली असणार.

मुलगा दवाखान्यात आला तेव्हा

मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. तान्हा पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आजी आणि वडील त्याला घेऊन आले. पाच आठवड्यांपासून बेंबीभोवती दुखत होते, बहुधा सकाळी शाळेच्या वेळेला, आणि आभाळ भरून आले की हमखास. आदल्या दिवशी गावातली मुले सजवलेले लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरत असताना हा घराबाहेर पडला नाही आणि पोट आवळून इतका रडला की शेजारच्या बायका जमा झाल्या. आजीचे निदान ठरलेले होते : ‘लेकराले बाहेरचं झालं जी, उतारा केला तरी फरक नाही.’

आधी दोन ठिकाणी दाखवून झाले होते. जंताची गोळी, मुरडा थांबवणारे सिरप आणि ॲसिडिटीचे औषध देऊन झाले होते. सोनोग्राफीच्या अहवालात आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी किंचित वाढल्याचा उल्लेख होता, त्यावर अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, आणि घरात ‘पोटात गाठी निघाल्या’ एवढेच पोहोचून सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. रात्री झोपत नाही म्हणून क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाची पाव गोळीही सुरू होती. पुराचा उल्लेख मात्र एकाही कागदावर नव्हता.

येथे बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी एक साधा प्रश्न विचारला : ‘जुलैच्या पुरात तुमच्या घरात पाणी आलं होतं का?’ वडील गप्प राहिले आणि आजी बोलू लागली. मध्यरात्री नाला फुगला, पाणी घरात शिरले, आजीने नातवाला आणि सुनेला घेऊन शाळेचा स्लॅब गाठला. वडील बैलांचे दावे कापायला विळा घेऊन गोठ्याकडे गेले आणि तासाभराने एकटेच परत आले. दोन्ही बैल गेले. पराटी (कपाशी) आणि सोयाबीन गेले, नाल्याकाठची जमीन खरडून निघाली. हे सगळे आजी सांगत असताना मुलगा टेबलाची कड नखाने खरवडत होता आणि त्याने एकदाही मान वर केली नाही.

शरीर आधी, पण शरीरापाशी थांबायचे नाही

पूरग्रस्त गावातून आलेल्या मुलाची प्रत्येक पोटदुखी मनाची असते असे गृहीत धरणे हे पूर न विचारण्याइतकेच घातक आहे. डॉक्टरबाईंनी धोक्याच्या खुणा एकेक करून पाहिल्या : वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, सतत ताप, वाढ खुंटणे. यातले काही नव्हते. वजन २३ किलो होते, जूनमध्ये शाळेत झालेल्या तपासणीतही तेवढेच नोंदले होते. घटले नव्हते, पण तीन महिन्यांत वाढलेही नव्हते. अंथरूण ओले होते म्हणून लघवीची तपासणी आणि रक्तातील साखर पाहिली, बद्धकोष्ठाची चौकशी केली. हिमोग्लोबिन १०.८ निघाले, म्हणून लोहाचे औषध सुरू केले.

विदर्भात आणखी एक तपासणी विसरून चालत नाही, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. या भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि पावसात भिजणे, गारठा, ताप, पाणी कमी पडणे या सगळ्यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणजे पूर हेच त्याचेही निमित्त ठरू शकते. त्यासाठीची प्राथमिक (सोल्युबिलिटी) चाचणी नकारात्मक आली. सोनोग्राफीतल्या ग्रंथींबद्दल डॉक्टरबाईंनी अहवाल हातात घेऊन समजावले की अशा लहान ग्रंथी निरोगी मुलांमध्येही सर्रास दिसतात, या गाठी क्षयाच्या किंवा कर्करोगाच्या नाहीत, आणि पुन्हा सोनोग्राफीची गरज नाही. हे शेवटचे वाक्य स्पष्ट बोलणे फार आवश्यक असते. तपासण्या चालू राहिल्या की घरातली भीती चालू राहते, आणि मुलाचे पोट त्या भीतीला साथ देते.

मुलालाच विचारणे

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग पंधरा-वीस मिनिटांचा होता. वडिलांची परवानगी घेऊन त्यांना आणि आजीला बाहेर बसवण्यात आले, दार अर्धे उघडे ठेवले, आणि मुलाला कागद आणि खडू दिले. मुलांच्या मनातले त्रास पालकांना कमी दिसतात हे बालमानसशास्त्रात वारंवार आढळलेले आहे. राग आणि खोडी घरच्यांना दिसते, भीती आणि अपराधीपणा दिसत नाही. घरातले मोठेही त्याच आपत्तीत सापडलेले असतील तर तेवढी नजर त्यांच्यापाशी उरतही नाही.

डॉक्टरबाईंनी मुलाला पूर पहिल्यापासून सांगायला लावला नाही. आपत्तीनंतर लगेच सगळे खोदून बोलते करण्याची एका बैठकीची पद्धत उपयोगाची नाही, उलट त्रास वाढू शकतो, हे आता मान्य झालेले आहे. त्यांचे प्रश्न छोटे आणि आजच्या दिवसाबद्दलचे होते. पाण्यातले काही अजून डोळ्यांपुढे येते का? झोपेत काय दिसते? कुठे जायला नको वाटते? कशाचा आवाज आला की छाती धडधडते? मुलगा तुटक बोलला, पण बोलला. टिनावर पाऊस वाजला की पाणी आल्यासारखे वाटते. शाळेच्या वाटेवरच्या रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) जाताना पाय उचलत नाहीत. वर्गात फळ्यावरचे लक्षात राहत नाही. मित्र बोलावतात, पण खेळावेसे वाटत नाही. कागदावर त्याने गोठा काढला, त्यात दोन बैल काढले आणि खुंटा काळ्या खडूने इतका गिरवला की कागद फाटला.

त्यावर डॉक्टरबाईंनी जो प्रश्न विचारला तो प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने तोंडपाठ ठेवावा असे मला वाटते : ‘जे झालं ते आपल्यामुळे झालं, असं वाटतं का रे बाळा?’ मुलगा बराच वेळ फाटलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिला आणि मग म्हणाला, ‘दावं म्याच बांधलं होतं. दोन गाठी मारल्या होत्या.’

लहान मुले जगात घडणाऱ्या गोष्टींचे कारण स्वतःपाशी शोधतात आणि ते कारण कोणाला सांगत नाहीत, कारण सांगितले तर बोलणी बसतील किंवा बाबा रडतील अशी धास्ती असते. न विचारता हे बाहेर येत नाही. पुढचा प्रश्नही न अडखळता विचारला गेला : ‘आपण नसतो तर बरं झालं असतं, मरून जावं, असं कधी मनात येतं का?’ उत्तर ‘नाही’ असे आले. हा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवे काही भरत नाही. नऊ वर्षांच्या मुलालाही तो विचारावा, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलीला विचारल्याशिवाय तर घरी पाठवूच नये.

आठ वर्षांपुढील मुलांसाठी क्राइस-८ नावाची आठ प्रश्नांची छोटी मोजपट्टी आहे. प्रसंग आपोआप आठवणे आणि त्याची आठवण टाळणे या दोन बाबींवर ती बेतलेली असून, ४० पैकी १७ किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी करावी असा संकेत आहे. तोंडी, मुलाच्या बोलीत विचारल्यावर २४ गुण आले. केवळ गुणांवरून निदान होत नाही, पण पुढच्या भेटीशी ताडून पाहायला काहीतरी हाती राहते. आपत्तीला सात आठवडे झाले होते, स्वप्ने, टाळाटाळ, अपराधीपणा, खेळातून मन उडणे, दचकणे आणि एकाग्रता ढळणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली होती, शाळा बुडत होती. निदान आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) असे नोंदवले गेले, सोबत कार्यात्मक पोटदुखी, म्हणजे अवयवात दोष नसताना होणारी पोटदुखी, आणि पुन्हा सुरू झालेले अंथरूण ओले होणे. हीच लक्षणे पुरानंतर दहाव्या दिवशी असती तर हे निदान करता आले नसते आणि करायलाही नको होते, कारण पहिल्या काही आठवड्यांत बहुसंख्य मुले घरच्यांच्या आधाराने आपोआप सावरतात. तेव्हा सुरक्षितता, झोप, जेवण, ओळखीची माणसे आणि शाळा लवकर सुरू होणे हाच उपचार असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतील ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ ही मानसिक प्रथमोपचाराची रीत आशाताई आणि अंगणवाडी सेविकाही शिकू शकतात.

दवाखान्यात सुरू झालेला उपचार

पहिले काम क्लोनाझेपाम बंद करण्याचे होते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील लक्षणांसाठी मुलांना या गटातली औषधे देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. मात्र गोळी काही आठवडे रोज चालू होती, म्हणून ती एकदम न तोडता मात्रा कमी करत थांबवली. तिच्या जागी दुसरी गोळी आली नाही. मुलांच्या आघातोत्तर विकारात औषधांचा पुरावा कमकुवत आहे. खरा उपचार आघात-केंद्रित वर्तन-विचार उपचाराचा आहे, ज्यात साधारण बारा ते सोळा बैठका लागतात आणि पालकही सहभागी असतात. तो देणारा मानसशास्त्रज्ञ तालुक्यात नसतो. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चिठ्ठी दिली, आणि तिथला क्रमांक येईपर्यंत हातावर हात ठेवून न बसता, जे बालरोगतज्ज्ञाला जमते ते त्याच दिवशी सुरू केले.

घरच्यांना सांगितले गेले की दुखणे खरे आहे, मुलगा नाटक करत नाही. भीतीने आतडी आवळतात आणि ती वेदना पोटातच होते. अंथरूण ओले झाल्यावर आई त्याला मारत होती आणि चादर अंगणात दिसेल अशी वाळत घालत होती. मारणे आणि लाजवणे पूर्ण थांबवावे, झोपण्याआधी लघवीला न्यावे, कोरड्या रात्रीचे कौतुक करावे आणि ओल्या रात्रीची चर्चा करू नये, एवढेच ठरवले. आजीजवळ झोपायला सध्या हरकत नव्हती, फक्त झोपायची वेळ रोज एकच ठेवायची होती. आजीच्या उताऱ्याला डॉक्टरबाईंनी नावे ठेवली नाहीत. ‘आजी, तुमचं तुम्ही करा, पण पोराला धूर, चटका, उपास यातलं काही नको, आणि माझं सांगितलेलंही करा,’ असे त्यांनी बजावले. मला हे योग्य वाटते. आजी हीच त्या घरात मुलाचा सर्वांत मोठा आधार होती, आणि तिला दुखावून दवाखान्याच्या हाती काही लागले नसते.

शाळेच्या सरांना चिठ्ठी गेली की पोट दुखल्यास मुलाला घरी पाठवू नये, दहा मिनिटे वर्गातच मागे आडवे होऊ द्यावे आणि मग पुन्हा जागेवर बसवावे, खिचडी सगळ्यांबरोबर खाऊ द्यावी. घरी पाठवल्याने त्या क्षणी सुटका होते, पण दुखण्याला तीच वाट सापडते. रपट्यासाठी पायऱ्या आखल्या. उघडीप असताना बाबांबरोबर वाटेतल्या कडुलिंबापर्यंत जायचे, तिथे भीती ओसरेस्तोवर थांबायचे, काही दिवसांनी रपट्याच्या तोंडाशी, मग पाणी नसताना रपट्यावरून बाबांचा हात धरून, शेवटी मित्रांबरोबर. पूर असताना मात्र रपटा ओलांडायचा नाही हे मुलाला आणि वडिलांना तितक्याच ठामपणे सांगितले, कारण ती भीती आजार नसून शहाणपण आहे.

वडिलांची बाजू

मुलाला ज्या बाकावर तपासले त्याच बाकावर नंतर वडिलांना बसवले गेले. आपत्तीनंतर मूल कसे सावरेल हे त्याला सांभाळणारी माणसे कशी आहेत यावर फार अवलंबून असते. अमेरिकेच्या बालरोग अकादमीनेही २०१५ च्या आपल्या अहवालात बालरोगतज्ज्ञाने पालकांच्या स्थितीची चौकशी करावी यावर भर दिला आहे. विदर्भात या चौकशीला आणखी वजन आहे. पंचनामा झाला होता, पण अनुदान खात्यावर आले नव्हते; पीककर्ज डोक्यावर होते; रब्बीसाठी बैल नव्हते. ‘दादा, झोप लागते का? दारू वाढली का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे तीनही प्रश्न त्यांना सरळ विचारले. झोप नव्हती, दारू वाढली होती. तिसऱ्या प्रश्नावर त्यांनी खाली पाहत सांगितले की विचार येऊन जातो, ठरवलेले काही नाही. फवारणीचे औषध खाटेखाली ठेवलेले होते. ते त्याच संध्याकाळी भावाच्या घरी कुलपात न्यायचे ठरले, भावाला फोन लावून दिला गेला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून दिला आणि वडिलांचीही चिठ्ठी जिल्ह्याच्या पथकाकडे गेली. बालरोगतज्ज्ञाने हे करू नये असे काहींना वाटेल. पण वडिलांना कीटकनाशकापासून दूर ठेवणे हा त्या मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

दाव्याच्या गाठींबद्दल डॉक्टरबाईंनी मुलाला विचारले की हे बाबांना सांगितले तर चालेल का, आणि त्याने मान हलवल्यावरच वडिलांना आत बोलावले. वडील ऐकून थक्क झाले. ‘म्याच सांगतलं होतं त्याले, पक्कं बांध म्हून. तो ढवळ्या दावं तोडून पराटीत जाते. गाठ म्या पाह्यली होती.’ मग मुलाकडे वळून त्यांनी एवढेच सांगितले की दावे कापायला विळा पुरला असता, पाणी छातीपर्यंत होते म्हणून ते पोहोचू शकले नाहीत. डॉक्टरांनी ‘तुझी चूक नव्हती’ असे दहादा म्हटले असते तरी बापाच्या या दोन वाक्यांची सर आली नसती. अपराधीपणाचे ओझे उतरवायला ज्या माणसाचे म्हणणे मुलाला पटते त्यालाच बोलते करावे लागते.

पुढच्या भेटी

दोन आठवड्यांनी पोटदुखी रोजची राहिली नव्हती, पण रपट्याची दुसरी पायरी अडली होती, कारण वडील मजुरीला जात होते. मग ही जबाबदारी आजीने घेतली. सहा आठवड्यांनी मुलगा शाळेत नियमित होता आणि अंथरूण आठवड्यातून एखाद्या वेळी ओले होत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसशास्त्रज्ञाकडे कुटुंब मोजक्याच बैठकांना जाऊ शकले. एका खेपेला दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते, आणि हा खर्च कोणत्याही चिठ्ठीत धरलेला नसतो. उरलेले काम फोनवरच्या सल्ल्याने आणि दवाखान्यातल्या छोट्या भेटींनी पुढे नेले गेले. तीन महिन्यांनी क्राइस-८ वर १३ गुण आले आणि वजन अर्धा किलो वाढले. रात्रीच्या अवकाळी पावसात तो अजून उठून बसत होता. वडिलांची दारू कमी झाली, थांबली नाही.

याच गावातल्या इतर मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. आशाताईंकडून ज्या घरांत पाणी शिरले, ज्या घरांतले माणूस किंवा जनावर दगावले आणि जी मुले पुराच्या रात्री आईवडिलांपासून ताटातूट झालेली होती त्यांची यादी मागवली गेली, कारण धोका सर्वांत जास्त याच मुलांना असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येणार होते, तेव्हा त्या यादीतली मुले आधी पाहावीत असे ठरले. पाच वर्षांखालील मुले आपले दुखणे शब्दांत मांडत नाहीत. ती आईला चिकटतात, बोबडे बोलू लागतात, बादलीत खेळणी बुडवण्याचा एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. किशोरवयीन मुले चिडतात, शाळा सोडून कामाला जातो म्हणतात, आणि घरच्यांना ते समंजसपणाचे लक्षण वाटते. या दोन टोकांच्या वयाची मुले पोटदुखी घेऊन येणार नाहीत, म्हणून त्यांच्यापर्यंत यादी घेऊनच जावे लागते.

मुलाच्या केसपेपरवर पुढची भेट मृग लागण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, नोंदली आहे. पहिल्या मोठ्या पावसाने लक्षणे उलटू शकतात, तसे झाले तर तो बिघाड समजून घाबरू नये, असे कुटुंबाला आधीच सांगितले आहे. पुन्हा शाळा बुडू लागली, वजन घटले, मरणाची भाषा आली किंवा दोन आठवड्यांत रात्री शांत झाल्या नाहीत, तर मुलाला थेट नागपूरला बालमनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचे आहे. त्या दिवशीच्या प्रवासखर्चाची सोय सरपंचांशी बोलून आधीच करून ठेवली आहे.